नववीचा गणिताचा पेपर कुणी फोडला

गणिताच्या बाई वर्तन समितीच्या अध्यक्ष झाल्या त्या दाढेमुळे.

शिक्षकांची बैठक होती त्या दिवशी त्यांची अक्कलदाढ ठणकत होती आणि त्या दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून बसल्या होत्या. इकडे शाळेत मोठ्या सरांनी वरून आलेलं परिपत्रक वाचून दाखवलं. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. उंचीने ते सगळ्या शिक्षकांत लहान होते, पण पद मोठं म्हणून मोठे सर. परिपत्रकात म्हटलं होतं की प्रत्येक सरकारी शाळेत कर्मचाऱ्यांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणारी एक समिती असावी. अध्यक्ष कोण होणार, असं विचारल्याबरोबर सगळ्यांनी हजेरीच्या वह्यांत माना खुपसल्या. शेवटी पीटीचे सर म्हणाले, "इथे बसलेल्या माणसाला कशाला अडचणीत टाकायचं? जे आलेले नाहीत त्यांच्यातून निवडू."

न आलेलं माणूस एकच होतं.

दुसऱ्या दिवशी बाई सुजलेला गाल घेऊन आल्या, तेव्हा टेबलावर बेचाळीस पानांची नियमपुस्तिका होती. तोंडात कापसाचा बोळा असल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही, आणि मोठ्या सरांनी ते होकारार्थी धरलं.

सगळ्यांना वाटलं होतं, पुस्तिका कपाटात जाईल आणि तिच्यावर धूळ बसेल. पण बाई गणिताच्या. मुलं त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणायची. बाईंनी आयुष्यात कुणावर पट्टी उगारली नव्हती, पण फळ्यावर तारीख लिहिली तरी तिच्याखाली पट्टी लावून रेघ ओढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी लाल पेन्सिल घेऊन पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली, सतरावा आणि तेविसावा नियम एकमेकांना छेद देतात हे शोधून काढलं आणि तसं वर कळवलं. मग त्या कामाला लागल्या.

पहिला नंबर पीटीच्या सरांचा लागला. एका पालकबाईंनी त्यांना स्वेटर विणून दिला होता, निळा, छातीवर पांढऱ्या पट्ट्यांचा.

"ही भेटवस्तू आहे," बाई म्हणाल्या.

"मॅडम, थंडी आहे."

"नियमात थंडीचा उल्लेख नाही."

स्वेटर परत गेला. त्यानंतर पीटीचे सर बाईंच्या टेबलापाशी येऊन मुद्दाम खोकत. मग विज्ञानाच्या बाईंना समज मिळाली, कारण बसथांब्यावर त्या एका मुलाच्या प्रगतीविषयी भलत्याच माणसाशी बोलत होत्या. तेव्हापासून गणिताच्या बाई थांब्यावर दिसल्या की विज्ञानाच्या बाई फक्त हवेबद्दल बोलत, आणि तेही जपून.

समितीत आणखी एक सभासद होते, चित्रकलेचे सर. ते उपाध्यक्ष. त्यांचं सगळ्यांशी पटायचं. दोन माणसं भांडत असली तर दोघांचं बरोबर आहे असं ते मनापासून म्हणत.

बाईंनी स्वतःलाही सूट दिली नव्हती. त्यांच्या नणंदेची मुलगी नववीत, त्यांच्याच वर्गात होती. बाईंनी ते लेखी कळवलं होतं आणि भाचीचा पेपर तपासायला विज्ञानाच्या बाईंकडे जाईल अशी व्यवस्था केली होती. त्यामुळे रात्री उशीला डोकं टेकलं की त्यांना झोप लागायची. कुठे बोट ठेवायला जागा नाही, असं त्यांना वाटायचं.

जागा होती ती घरात, खिडकीपाशी.

तिथल्या आरामखुर्चीत सासूबाई बसत. त्यांना कमी ऐकू यायचं. घरात सगळ्यांना त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे, आणि दिवसभर वर्गात बोलून आलेल्या बाईंच्या पर्समध्ये घशाच्या गोळ्यांचं पाकीट कायम असे. सहामाही परीक्षेच्या आधीच्या रविवारी दुपारी बाई टेबलाशी बसून प्रश्नपत्रिका काढत होत्या.

"काय लिहितेस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"पेपर."

"कापड? कसलं कापड?"

"पेपर, आई. नववीचा. गणिताचा."

"मग वाच की जरा. मी काय नुसती भिंतीकडे बघत बसू?"

बाईंना लिहिता लिहिता पुटपुटायची सवय होतीच. त्यांनी आवाज चढवला. "एका टाकीला दोन नळ आहेत. पहिला नळ टाकी सहा तासांत भरतो. दुसरा बारा तासांत भरतो."

"बारा तास? मग नळवाल्याला बोलवा."

"दोन्ही नळ एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल?"

"एकदम कशाला सोडायचे? लक्ष नसलं की वाहून जातं."

दुपार मजेत गेली. बाईंनी वीसच्या वीस प्रश्न वाचले, सासूबाईंनी वीसच्या वीस प्रश्नांत खोडी काढली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कार्यालयात बसून पेपर टाईप करताना बाईंना वाटलं, टाकीचा प्रश्न फारच सोपा झालाय. त्यांनी सहाचे आठ केले आणि बाराचे चोवीस. बाकी काही बदललं नाही. छापलेले पेपर मोजून पाकिटात घातले, पाकिटाला लाख लावली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

परीक्षा झाली. भाचीचा पेपर वगळून अडतीस पेपर बाईंकडे आले. त्यांची तपासायची पद्धत अशी होती की आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. पाचव्या प्रश्नापर्यंत त्या खूश झाल्या. दहाव्यापर्यंत त्यांचे डोळे पाणावले. वीस वर्षं ज्या दगडावर डोकं आपटत होतो त्याला पाझर फुटला, असं त्यांना वाटलं. ज्या मुलाला अजून वजाबाकीत हातचा घ्यायला भीती वाटायची त्याने वर्गसमीकरण सोडवलं होतं. एकोणीस प्रश्न संपले तेव्हा अडतीसपैकी एकतीस जणांना पंच्याण्णवपैकी पंच्याण्णव होते. बाईंना राहवलं नाही, त्यांनी तो आकडा शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने सांगितला.

मोठे सर दारातून जात होते ते थबकले.

"पंच्याण्णव? एकतीस मुलांना?" ते म्हणाले. "पंच्याण्णव हा आकडा या शाळेत मी फक्त पटसंख्येत पाहिलाय." आणि ते लगबगीने कार्यालयाकडे गेले.

बाईंनी विसावा प्रश्न तपासायला घेतला. पहिल्या पेपरात लिहिलं होतं: पहिला नळ सहा तासांत, दुसरा बारा तासांत, म्हणून उत्तर चार तास. घाईत प्रश्न चुकीचा वाचला असेल, असं म्हणून बाईंनी शून्य दिलं. दुसऱ्या पेपरातही चार तास. तिसऱ्यातही. आठव्या पेपराला त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. समोर छापलेल्या कागदावर आठ आणि चोवीस असे ठळक आकडे होते, आणि एकतीस मुलांनी तिकडे ढुंकूनही न बघता सहा आणि बारा तासांचे नळ सोडून टाकी भरली होती, अगदी सुवाच्य अक्षरात.

सहा आणि बारा हे आकडे जगात एकाच ठिकाणी बोलले गेले होते.

बाई शाळा सुटल्यावर थेट घरी गेल्या, पण वर न जाता खालच्या मजल्यावर थांबल्या. नणंद तिथेच राहायची. दार भाचीने उघडलं आणि मामीचा चेहरा बघून तिनेच आधी रडायला सुरुवात केली.

"मामी, मी इस्त्री परत द्यायला वर येत होते. तू जिन्यापर्यंत ऐकू येत होतीस."

"मग कान बंद करायचे."

"हातात इस्त्री होती ना."

"वीस प्रश्न होईपर्यंत इस्त्री हातात धरून उभी होतीस?"

"नाही," भाची नाक पुसत म्हणाली. "पाचव्या प्रश्नाला खाली येऊन वही घेऊन गेले."

"कुणाला सांगितलंस?"

"फक्त मैत्रिणीला. कुणाला सांगणार नाही अशी शपथ घालून."

"आणि तिने?"

"तिनेपण शपथ घालूनच सांगितलं असेल."

अशा शपथा घालत घालत पेपर एकतीस जणांपर्यंत पोचला होता. बाईंना भाचीचा राग आला, पण तो टिकेना. मुलीने कपाट फोडलं नव्हतं. कपाटाची किल्ली गळ्यात अडकवून हिंडणारी बाईच जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पेपर वाचत होती.

त्या रात्री त्यांनी राहिलेल्या सात मुलांची नावं एका कागदावर लिहिली. एक मुलगा मधूनच शाळेत आलेला, अजून कुणाशी ओळख नसलेला. जुळ्या बहिणी, ज्या फक्त एकमेकींशी बोलायच्या. डबा घेऊन एकटाच ग्रंथालयात जाणारा एक. नाक सतत वाहत असतं म्हणून ज्याच्या शेजारी कुणी बसत नाही असा एक. सतत भांडणारी एक. आणि तिसऱ्या बाकावरची हळूबाई. तिचा आवाज इतका बारीक होता की हजेरीला तिने 'हजर' म्हटलं की नाही हे तिच्या ओठांवरून ठरवावं लागे, म्हणून वर्गाने तिला ते नाव दिलं होतं. हळूबाईला अठ्ठावन्न गुण होते आणि टाकीचं उत्तर बरोबर लिहिणारी सगळ्या वर्गात ती एकटी होती. सहा तास.

सकाळी बाई मोठ्या सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि जे घडलं ते सांगितलं. मोठ्या सरांनी आधी दार लावलं, मग खिडकी.

"मी काल वर फोन केला," ते म्हणाले. "साहेब सत्कार करायचा म्हणतायत. दर्शनी फलकावरही लिहून झालंय, रंगीत खडूने."

"पुसावं लागेल, सर."

"बाई, कुणी तक्रार केली आहे का?"

"मी करते आहे."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

मोठ्या सरांनी चष्मा काढून पुसला. "मुलांना आनंद झालाय. पालकांना आनंद होईल. यात नुकसान कुणाचं झालं, मला सांगा."

बाईंनी सात नावांचा कागद पुढे ठेवला. "या वर्गात यांना कुणी काही सांगत नाही, सर. सहल कधी आहे हेही यांना शेवटी कळतं. पेपर फुटला हेही यांना कुणी सांगितलं नाही. आणि आता निकाल लागला की हीच सात मुलं ढ ठरणार. मी गप्प बसले तर त्यांना न सांगणाऱ्यांत माझीही भर."

मोठ्या सरांनी सातही नावं वाचली. माणूस वाईट नव्हता, फक्त सत्काराला काय घालायचं हेसुद्धा त्याने ठरवून टाकलं होतं. शेवटी त्यांनी उसासा सोडला. "तक्रार समितीकडे करायची असते. अध्यक्षांकडे."

"अध्यक्ष मीच आहे."

दोघांनी मिळून पुस्तिका चाळली. एकतिसाव्या पानावर होतं: तक्रार अध्यक्षांविरुद्ध असल्यास सुनावणी उपाध्यक्ष घेतील.

चित्रकलेच्या सरांना हे कळलं तेव्हा ते मुलांना फुलदाणी काढायला शिकवत होते. फळ्यावरची फुलदाणी एका बाजूला जी कलली ती कललीच.

सुनावणी शनिवारी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात झाली. रिकाम्या झालेल्या जागेवर पीटीच्या सरांना सभासद म्हणून घेतलं होतं. ते खोकले, कागद सरळ केले आणि पुन्हा खोकले. आज हिशोब चुकता होणार, हे बाईंनी गृहीत धरलं होतं. भाची साक्षीला म्हणून बाहेरच्या बाकावर बसली होती आणि तिच्यासोबत, कुणी बोलावलेलं नसताना, ठेवणीतले कपडे घालून सासूबाई आल्या होत्या. सुनेला शाळेत उभं करणार म्हटल्यावर त्या घरी थांबणं शक्य नव्हतं.

"तुम्ही गोपनीय प्रश्नपत्रिका घरात मोठ्याने वाचलीत, हे खरं आहे का?" चित्रकलेच्या सरांनी खाली बघून विचारलं.

"खरं आहे."

"खरं आहे म्हणता, म्हणजे…" सरांनी चाचरत पीटीच्या सरांकडे पाहिलं. "म्हणजे खरंच असणार."

"इतक्या मोठ्याने का, पण?" पीटीच्या सरांनी विचारलं.

"सासूबाईंना ऐकू येत नाही."

पीटीचे सर उपाध्यक्षांच्या कानाशी लागून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "इतके गेलेत की काय त्यांचे कान?"

"इतके नाही गेले," दारातून सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई आत आल्या, मुलांसाठीच्या बुटक्या स्टुलावर कशाबशा बसल्या आणि पर्समधून एक डबी काढून टेबलावर ठेवली. डबीत कानाचं यंत्र होतं, कापसात गुंडाळलेलं.

"दोन वर्षं झाली घेऊन," त्या म्हणाल्या. "एका कानाने तसं यंत्राशिवायही चालतं."

"आई," बाई म्हणाल्या. दोन वर्षांच्या घशाच्या गोळ्या त्यांच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेल्या.

"मग लावत का नाही?" पीटीच्या सरांनी विचारलं.

"आठ दिवस लावून पाहिलं. मी ऐकते म्हटल्यावर सगळे हळू बोलायला लागले. हळू बोलायला लागले की माणसं एकमेकांशी बोलतात हो, म्हाताऱ्या माणसाशी नाही बोलत. ओरडायचं असलं की निदान माझ्याकडे तोंड करून ओरडतात." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "तेव्हा पेपर मी वाचायला लावला. काय शिक्षा असेल ती मला द्या."

चित्रकलेच्या सरांनी घाईघाईने पुस्तिका उघडली, पण बेचाळीस पानांत सासूबाईंसाठी एकही कलम नव्हतं.

बाईंचा राग घशापर्यंत आला होता. पण सासूबाईंचे पाय त्या बुटक्या स्टुलावरून नीट टेकतही नव्हते, ते बघून तो तिथेच विरला. त्या उभ्या राहिल्या. "आईंचा यात संबंध नाही. भाचीचाही नाही. पेपर माझ्या हातात होता. तो घरी न्यायचा की नाही, वाचायचा की नाही, हे ठरवणं माझं काम होतं. ऐकणाऱ्याला कान असतातच, ते बंद करायला सांगणं हा काही बंदोबस्त नव्हे."

आता निर्णय द्यायचा होता, आणि तो चित्रकलेच्या सरांनी द्यायचा होता. ते पाणी प्यायले. खिडकीबाहेर बघितलं. दोन्ही बाजूंचं बरोबर आहे असं म्हणायला दुसरी बाजूच शिल्लक नव्हती. शेवटी त्यांनी दोन ओळी लिहिल्या: परीक्षा पुन्हा घ्यावी. बाईंना लेखी समज द्यावी. अक्षर इतकं सुरेख होतं की सवयीने त्यांनी कागदाला पानांची नक्षीही काढायला घेतली. पीटीच्या सरांनी हात धरला तेव्हा तीन बाजू झाल्या होत्या.

"त्यात लिहा," पीटीचे सर म्हणाले, "की बाईंनी चूक स्वतःहून सांगितली."

"नियमात कौतुकाला जागा नाही," बाई म्हणाल्या.

"थंडीलाही नव्हती," पीटीचे सर म्हणाले, आणि ते वाक्य लिहून घेतल्याशिवाय त्यांनी सही केली नाही.

पुढचा आठवडा सोपा गेला नाही. दर्शनी फलक पुसला गेला, पण रंगीत खडूचा गुलाबी डाग राहिला. मोठ्या सरांनी वर पुन्हा फोन केला. साहेब म्हणाले की फुटलेल्या पेपराची बातमी फोडणाऱ्यानेच दिली असं आजवर झालेलं नाही, त्यामुळे काय करायचं ते बघावं लागेल. ते अजून बघताहेत. पालकांच्या सभेत एक गृहस्थ उठून म्हणाले की त्यांच्या मुलाचे पंच्याण्णव गुण शाळेने हिसकावून घेतले.

"ते माझे होते," बाई म्हणाल्या. "पेपर मी काढला, उत्तरंही मला येत होती. तुमच्या मुलाचे किती आहेत, ते बुधवारच्या फेरपरीक्षेत कळेल."

मुलांना शिक्षा झाली नाही. बाईंनी वर्गात उभं राहून, चूक माझी होती, असं एकदाच सांगितलं आणि फळ्याकडे वळल्या. सवय असूनही त्या वाक्याखाली त्यांनी रेघ ओढली नाही, कारण ते लिहिलंच नव्हतं. पण पट्टी हातात घेऊन त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

नवा पेपर त्यांनी शाळेतच, मोडक्या पृथ्वीगोलांच्या आणि जुन्या नकाशांच्या अडगळीच्या खोलीत बसून काढला. विज्ञानाच्या बाई दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या होत्या. त्यांनी नंतर सांगितलं की आवाज आला नाही, पण ओठ सारखे हलत होते. आणि घरी बाई सासूबाईंच्या समोर खुर्ची ओढून, त्यांच्याकडे तोंड करून, साध्या आवाजात बोलायला लागल्या. सासूबाई यंत्र लावू लागल्या, म्हणजे मनात आलं तर लावू लागल्या. त्यांचा मुलगा काही काम सांगायला आला की ते अचानक बंद पडायचं.

दुसऱ्या परीक्षेचा निकाल शाळेच्या नेहमीच्या निकालासारखा लागला. भाचीला चोपन्न मिळाले आणि ती दोन दिवस मामीशी बोलली नाही. वजाबाकीला घाबरणारा मुलगा जेमतेम पास झाला, पण स्वतःच्या अकलेने झाला. हळूबाईला एकाहत्तर होते, वर्गात सगळ्यांत जास्त. तपासलेले पेपर वाटून झाले तेव्हा ती जागेवर उभी राहिली. तिचे ओठ हलले.

"काय म्हणतेस? जरा मोठ्याने," बाई म्हणाल्या.

हळूबाईचे कान लाल झाले. आता सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता.

"तेराव्या प्रश्नात अर्धा गुण कमी दिलाय," ती म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

बाईंनी पेपर मागवून घेतला. तेरावा प्रश्न दोनदा पाहिला. मुलीचं बरोबर होतं. पायरी तिने वगळली नव्हती, पान उलटून मागे लिहिली होती. बाईंनी लाल पेन्सिलने अर्धा गुण वाढवला, शेजारी सही केली आणि पेपर स्वतः तिच्या बाकापर्यंत नेऊन दिला.

बाईंची चूक निघते म्हटल्यावर बाकीच्यांनीही आपापले पेपर उलटेपालटे करून पाहायला सुरुवात केली, आणि तास संपायला वीस मिनिटं असताना टेबलापुढे दारापर्यंत रांग लागली. बाई एकेक पेपर घेऊन शांतपणे पुन्हा तपासत होत्या. पहिल्या चौघांचं काही निघालं नाही. पाचव्या मुलाचे दोन गुण कमी झाले. तो मुकाट्याने जागेवर जाऊन बसला, आणि रांग जरा पातळ झाली.